देवू जागी आहे का?

“मला तुझा हेवा वाटतो, तेजल,” मैना म्हणाली.

तेजल दचकली. ही मैना म्हणजे पक्षी नव्हे. चिखलदऱ्याच्या मेंदू उपचार केंद्रात रुग्णांची देखभाल करणारा तो एक रोबो होता. कमरेएवढी उंची, खाली तीन चाकं, पाठीवर औषधांचा खण आणि बायकी, गोड आवाज. त्या आवाजामुळेच सगळे तिला मैना म्हणत.

“माझा हेवा? का गं?”

“तुला पळता येतं. तुला दिवाळीची सुट्टी असते. आणि डॉक्टर भास्कर गावंडे तुझे आजोबा आहेत.”

“आजोबा आहेत गं,” तेजल म्हणाली, “पण माझ्या वाट्याला कुठे येतात?”

ती ज्या काचेपाशी उभी होती तिच्या पलीकडे एक खाट होती. खाटेवर देवयानी इंगोले नावाची तेरा वर्षांची मुलगी पडून होती. तिच्या डोक्यावर मऊ, राखाडी टोपी होती. शेजारी स्टुलावर तेजलचे आबा बसले होते. देवयानीचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि ते तिच्याशी हळूहळू काहीतरी बोलत होते.

नागपूरहून ती एकटी, चालक नसलेल्या बसमध्ये बसून, घाट चढून आली होती ती आबांसाठी. गाविलगडावर जायचं, पठारावर झोपून तारे बघायचे, कॉफीच्या बागेत हिंडायचं असं सगळं फोनवर ठरलं होतं. प्रत्यक्षात आबा सकाळी उठले की देवूकडे, जेवले की देवूकडे, आणि घरी आले की देवूबद्दल बोलायला लागत. माझी देवू, म्हणत. माझी!

वाईट याचं की देवू काही करतच नव्हती. उतारावरून गाडी घसरून तिच्या डोक्याला, कपाळाच्या बाजूला, जबर मार लागला होता. तेव्हापासून ती सकाळी डोळे उघडायची, रात्री मिटायची. पण उघडे डोळे कुणाकडेच वळत नसत. हाक मारली तरी नाही, चिमटा काढला तरी नाही. डॉक्टर या अवस्थेला प्रतिसादहीन जागृती (डोळे उघडे असूनही कशालाच उत्तर न देणे) म्हणत.

त्या दिवशी जेवताना आबांनी तेजलला एक कोडं घातलं होतं.

“मैना बोलते. हेवा वाटतो, वाईट वाटतं, सगळं म्हणते. देवू बोलत नाही, हलतही नाही. आता सांग, दोघींपैकी कुणाला खरंच आतून काही वाटत असेल? आणि महत्त्वाचं म्हणजे, ते तू सिद्ध कसं करशील?”

“मैनालाच वाटत असणार. ती सांगते ना तसं!” तेजल म्हणाली होती. खरं तर देवूला काही वाटत नसलं तर बरं, असंच तिच्या मनात होतं. कारण दिवाळी संपली की केंद्राची समिती बसणार होती. देवूत जाणिवेचं (आतून काहीतरी वाटत असण्याचं) एकही चिन्ह सापडलं नाही, तर तिला खाली सपाटीवरच्या शुश्रूषागृहात हलवणार होते. तिथे न्हाऊ-माखू घालत, नळीने भरवत. पण तिथे कसल्या चाचण्या नव्हत्या, की मेंदूला पुन्हा शिकवणं नव्हतं. केंद्रात खाटा थोड्या आणि वाट बघणारे रुग्ण पुष्कळ होते.

देवू गेली की आबा मोकळे. तेजलने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण ती मनातल्या मनात दिवस मोजत होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आबांना जेवायला बोलवायला गेली आणि दारातच थबकली.

आबा देवूला गोष्ट सांगत होते. “...आणि मंगळावर गवतच नव्हतं. तेव्हा ती म्हैस म्हणाली, मी काही इथे उपाशी मरायला आलेले नाही...”

मंगळावरची म्हैस! ती गोष्ट तेजलची होती. ती चार वर्षांची असताना, गोवर झाला होता तेव्हा, आबांनी ती खास तिच्यासाठी रचली होती. म्हशीचं नावसुद्धा तेजलनेच ठेवलं होतं, ढमी. जगात ती गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. आता तीही देवूला दिली.

इतक्यात आबांना फोन आला आणि ते बोलत बोलत व्हरांड्यात गेले. देवूची आई, इंगोले काकू, केंद्राच्या खानावळीत जेवायला गेल्या होत्या. खोलीत देवू होती आणि तेजल.

तेजल खाटेजवळ गेली. देवूचे डोळे छताकडे होते. तिची वेणी कुणीतरी नीट घालून दिली होती. आबांनीच घातली असेल, असं तेजलला वाटलं आणि तिचा तोल सुटला.

“ती गोष्ट माझी आहे,” ती दात-ओठ खात पुटपुटली. “आबापण माझेच आहेत. तुला तर काही कळतच नाही, मग कशाला अडकवून ठेवलंस त्यांना? जा ना तू इथून! कायमची जा!”

उशाशी एक पडदा होता. देवूच्या टोपीतले बारीक कण मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपायचे आणि त्या पडद्यावर रेघा होऊन सरकत राहायच्या. याला मेंदूलेख म्हणतात. इतका वेळ त्या रेघा सुस्त, लांब लांब होत्या. आता त्या एकदम ताठ झाल्या, मांजरीच्या पाठीवरचे केस उभे राहावेत तशा. दोन-तीन श्वास तशाच राहिल्या आणि मग हळूहळू पुन्हा आडव्या झाल्या.

देवूची पापणीसुद्धा हलली नव्हती.

तेजल पळत सुटली ती थेट आबांच्या घरी.

*

पुढच्या सकाळी देवूची ठरलेली चाचणी झाली. मैनाने तिच्या गोड, एकसुरी आवाजात सूचना दिल्या. “उजव्या हाताची मूठ आवळत आहात अशी कल्पना करा... आता थांबा... पुन्हा कल्पना करा...” हात हलत नसला तरी नुसती कल्पना केली की मेंदूचा ठरावीक भाग कामाला लागतो, आणि मेंदूलेखात ते दिसतं. सूचना समजली तरच माणूस अशी कल्पना करणार. म्हणून ही युक्ती.

रेघा मात्र सुस्तच राहिल्या.

इंगोले काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. आबांचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. त्यांनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं आणि तेजलकडे पाहून म्हणाल्या, “तू काऊन रडतेस बाळा?”

तेजलला आपण रडतोय हे माहीतही नव्हतं. ती म्हणाली, “काही नाही, काकू.”

रेघा ताठ झालेल्या तिने पाहिल्या होत्या. सांगायचं म्हटलं तर आपण काय बोललो तेही सांगावं लागणार होतं. आणि न सांगितलं, तर देवू जाणार होती. हवं तेच तर घडत होतं. मग हे रडू कसलं?

*

संध्याकाळी आबा स्वयंपाकघरात चहा टाकत होते. त्यांच्याबरोबर केंद्रातल्या डॉक्टर तस्नीम काझी आल्या होत्या. दोघं वीस वर्षं एकत्र काम करत होती आणि वीस वर्षं भांडत होती.

“तुमच्या सिद्धान्ताप्रमाणेच झालं, भास्करराव,” काझी मॅडम म्हणाल्या. “आता तरी खूश व्हा.”

“खूश?” आबांनी चहाचं पातेलं जोरात खाली ठेवलं. “मी चुकीचा ठरावा म्हणून तर रोज तिच्यापाशी बसतो.”

तेजलला काही कळेना. “म्हणजे काय, आबा?”

आबांनी तीन वाडगे काढले. एकात गरम पाणी, एकात माठातलं गार आणि मधल्यात कोमट. “डावा हात गरम पाण्यात घाल, उजवा गारात. आता थोडा वेळ थांब. हं, आता दोन्ही हात मधल्या वाडग्यात.”

तेजलने हात घातले आणि तिचे डोळे विस्फारले. “डाव्या हाताला गार लागतंय आणि उजव्याला गरम! पाणी तर एकच आहे.”

“तापमापक नव्हता तेव्हा माणसाकडे एवढंच साधन होतं. हाताला काय वाटतं ते. ताप म्हणजे नक्की काय, तेही ठाऊक नव्हतं. मग लोकांनी काचेच्या नळ्या करून पाहिल्या. एकाची नळी दुसऱ्याच्या नळीशी जुळेना. भांडणं झाली. पण तुलना करत, चुका काढत, नळ्या सुधारत गेल्या, आणि पुष्कळ काळाने उष्णता म्हणजे काय तेही उमगलं. जाणिवेच्या अभ्यासात आम्ही आज त्या वेड्यावाकड्या नळ्यांच्या काळात आहोत.”

“पण सिद्धान्त आहेत ना?”

“एक नाही, डझनावारी आहेत,” काझी मॅडम हसल्या. “तुझ्या आबांचा ऐक आधी. नाहीतर रुसतील.”

आबांनी सांगायला सुरुवात केली. “तुमच्या शाळेत प्रत्येक वर्गात आपापलं काही चाललेलं असतं. या वर्गातलं त्या वर्गाला कळत नाही. पण एखादी गोष्ट मुख्याध्यापकांच्या भोंग्यावरून सांगितली की सगळ्या शाळेला एकदम कळते. मेंदूतही असंच आहे. हजारो कामं गुपचूप चालतात. त्यातली एखादी बातमी भोंग्यावर गेली, सगळ्या मेंदूभर पसरली, की तिची आपल्याला जाणीव होते. हा माझा भोंग्याचा सिद्धान्त. या भोंग्याचं बरंचसं काम कपाळामागच्या भागात चालतं, असं आम्ही मानतो.”

“आणि देवूला तिथेच लागलंय,” तेजल हळूच म्हणाली.

“म्हणून माझा सिद्धान्त म्हणतो, तिला बहुधा जाणीव नसावी.”

“माझा तसं म्हणत नाही,” काझी मॅडम पुढे सरसावल्या. “सुट्या दोऱ्यांचा ढीग आणि विणलेली सतरंजी यांत फरक काय? सतरंजीत प्रत्येक दोरा दुसऱ्यात गुंतलेला असतो. एक ओढला तर सगळ्यांना ताण बसतो. मेंदूचे भाग असे एकमेकांत जितके विणलेले, तितकी जाणीव जास्त. हा विणीचा सिद्धान्त. आणि ही दाट वीण डोक्याच्या मागच्या बाजूला असते. देवूचा मागचा भाग शाबूत आहे.”

“मग मैना?”

“मैनाच्या आतली जोडणी सुट्या दोऱ्यांसारखी. माझ्या मते तिला काही वाटत नाही, ती कितीही गोड बोलली तरी. तुझ्या आबांच्या मते मात्र एखाद्या यंत्रात खरा भोंगा बसवला, तर कदाचित वाटेलही. आणखी काही जण म्हणतात, मनाने स्वतःकडे वळून पाहिलं, ‘मला अमुक वाटतंय’ अशी स्वतःची दखल घेतली, तरच ती जाणीव.”

तेजल वैतागली. “म्हणजे कुणालाच काही माहीत नाही! नुसत्या थापा!”

काझी मॅडमना वाटलं आबा चिडतील. पण ते शांतपणे तेजलच्या समोर बसले.

“थाप आणि सिद्धान्त यांत फरक आहे, तेजू. थाप कधीच चुकत नाही, कारण ती कशातही बसवता येते. सिद्धान्ताने आधीच सांगावं लागतं की अमुक दिसलं तर मी चुकलो. मी तरुण असताना भोंगा आणि वीण मानणारे दोन विरुद्ध गट एकत्र आले. प्रयोगाआधीच दोघांनी जाहीर केलं की माझ्या सिद्धान्ताप्रमाणे मेंदूत हे दिसेल, तुझ्याप्रमाणे ते दिसेल. प्रयोग तिसऱ्यांनीच केले. आणि निकाल काय? दोघांचंही थोडं बरोबर, थोडं चूक. कुणीच जिंकलं नाही. काही लोक तर एकमेकांच्या सिद्धान्ताला विज्ञान म्हणायलाच तयार नव्हते. आजही आहेत तसे.”

“तुम्हाला वाईट वाटलं होतं?”

“मला हेवा वाटला होता,” आबा म्हणाले आणि काझी मॅडमकडे बघून ओशाळले. “त्यांच्या गटाचं एक भाकीत बरोबर आलं, तेव्हा मी जेवलो नव्हतो.”

“हे मला आजच कळतंय,” काझी मॅडम म्हणाल्या.

आबांनी चहा ओतला. “म्हणून, अर्धामुर्धा तपासलेला सिद्धान्त हातात धरून एका मुलीला ‘आत कुणी नाही’ म्हणून पाठवून द्यायचं, हे मला पटत नाही. दगड खाली पडण्याचा नियम जितका पक्का आहे, तितका माझा सिद्धान्त पक्का असता तर गोष्ट वेगळी.”

तेजलने कप खाली ठेवला.

“आबा, कुणी देवूशी बोललं आणि रेघा एकदम ताठ झाल्या, तर?”

आबांची मान झर्रकन वळली. “केव्हा झाल्या?”

मग तेजलने सगळं सांगितलं. म्हशीची गोष्ट, ती वेणी, आपण काय बोललो ते शब्द न् शब्द. शेवटी ती हुंदके देत म्हणाली, “तुम्ही तिला माझी ढमी दिलीत! मी ऐकत होते, तरी तुम्हाला दिसले नाही. आणि ती काहीच करत नाही, तरी तुम्हाला तीच दिसते!”

आबांनी चष्मा काढून हातात धरला.

“वेणी तिची आई घालते,” आबा म्हणाले. “आणि ढमी... मला वाटलं, तू आता मोठी झालीस, तुला ती गोष्ट बाळबोध वाटत असेल. तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.” ते थांबले. “तुझंही चुकलं. फार चुकलं. त्याचं काय ते तू देवूशी बघ, माझ्याशी नको.”

मग त्यांनी चष्मा लावला आणि ते पुन्हा शास्त्रज्ञ झाले. “रेघा ताठ झाल्या हा पुरावा नव्हे. झोपेतल्या माणसालाही नावाने हाक मारली की मेंदू दचकतो. पण हा सुगावा आहे. सकाळी ती कदाचित गुंगीत असते, दुपारी जागी. आणि मैनाचा एकसुरी आवाज ती रोज ऐकते. त्याकडे तिचं लक्षच जात नसेल.”

“मूठ आवळण्यात तरी काय मजा आहे?” तेजल नाक पुसत म्हणाली. “तिच्या खोलीत फोटो आहे ना, दोरीच्या मल्लखांबाचा. ती उलटी लटकलीय आणि हसतेय. त्याची कल्पना करायला सांगा.”

आबांनी आणि काझी मॅडमनी एकमेकांकडे पाहिलं.

“सांगायचं कुणी?” काझी मॅडमनी विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी देवूच्या खाटेशी तेजल बसली होती.

सगळं काटेकोर ठरलं होतं. आबा नाणं उडवणार. छापा आला तर तेजलने सांगायचं ‘दोरीवर चढ’, काटा आला तर ‘नुसती पडून राहा’. काझी मॅडम पलीकडच्या खोलीत बसणार, जिथे आवाज पोचत नाही. त्यांना फक्त रेघा दिसणार, आणि प्रत्येक वेळी देवूला काय सांगितलं असेल ते त्यांनी रेघांवरून ओळखायचं. देवूला सूचना कळत असतील तरच काझी मॅडमचं उत्तर नाण्याशी जुळेल. कळत नसतील, तर त्यांचे निम्मे अंदाज चुकतील. हे सगळं आबांनी आधी मैनासमोर मोठ्याने सांगून तिच्याकडून नोंदवून घेतलं, म्हणजे नंतर कुणाला शब्द फिरवता येणार नाही.

“आणि उत्तरं जुळली नाहीत तर?” इंगोले काकूंनी विचारलं.

“तर एवढंच कळेल की आज आपल्याला ती सापडली नाही,” आबा म्हणाले. “ती नाहीच, असं त्यातून सिद्ध होत नाही. समितीलाही मी हेच सांगेन.”

नाणं उडालं. छापा.

तेजलने घसा खाकरला. “देवू, मी तेजल. परवा तुझ्याशी वाईट बोलले ती. माझ्यावर राग काढायचा तर काढ, पण दोरीवर चढ. दोन्ही हातांनी दोरी पकड. पायाच्या अंगठ्यात पकड. वर ओढ स्वतःला. आणखी वर!”

पडद्याकडे बघायची तिला बंदी होती. ती देवूच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ते छतावरच होते.

पुन्हा नाणं, पुन्हा सूचना. असं कितीतरी वेळ चाललं. तेजलचा आवाज बसला. खोलीबाहेर मैना पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

अखेर काझी मॅडम आत आल्या. त्यांनी आपले अंदाज एकामागून एक वाचायला सुरुवात केली आणि आबा नाण्याचा निकाल सांगत गेले.

“दोरी.” “छापा.” “पडून.” “काटा.” “पडून.” “काटा.” “दोरी.” “छापा.”

मध्ये एक चुकला. मग पुन्हा सगळे जुळत गेले, शेवटपर्यंत.

आबांनी चष्मा काढला. “नुसत्या नशिबाने इतकं जुळायचं नाही,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “ताई, तुमची मुलगी आत आहे. ती ऐकते आहे.”

इंगोले काकू देवूच्या छातीवर पडून मोठ्याने रडल्या. काझी मॅडम रडल्या. परिचारिका धावत आल्या. आबा देवूच्या कपाळावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. तेजल भिंतीला टेकून उभी राहिली. तिला खूप आनंद झाला होता. आणि त्या आनंदात तोच जुना काटा पुन्हा टोचला. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

मैना मात्र पाणी घेऊन तिच्याकडे आली. “तुला हेवा वाटतोय का, तेजल?”

“हो,” तेजल म्हणाली. “तुला कसं कळलं?”

“माणसं अशा वेळी असं बोलतात, हे मी शिकले आहे.”

तेजल पाणी प्यायली. मैनाला खरंच काही वाटतं की ती फक्त आपलीच वाक्यं आपल्याला परत देते? मैनाला दोरीवर चढायची सूचना दिली असती तर तिने ती बिनचूक पाळली असती. म्हणजे देवूची चाचणी मैनाला लागू नव्हती. माणसांच्या बोलण्यावरच वाढलेल्या यंत्राचं बोलणं पुरावा धरायचं कसं? तिच्यासाठी काहीतरी वेगळंच शोधावं लागणार होतं.

*

दुसऱ्या दिवसापासून देवूला प्रश्न विचारता येऊ लागले. उत्तर ‘हो’ असेल तर दोरीवर चढायचं, ‘नाही’ असेल तर मनातल्या मनात आपल्या घरातून खोलीखोलीत फिरायचं. दोन्ही वेळी मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागत आणि रेघांत फरक पडे. आधी माहीत असलेले प्रश्न विचारून खात्री केली. तुझ्या आईचं नाव लता आहे का? हो. तुला भाऊ आहे का? नाही. सगळं बरोबर आलं. समितीने देवूला केंद्रातच ठेवायचं ठरवलं.

तेजलने एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली.

“देवू, मी ‘इथून जा’ म्हणाले, ते तू ऐकलं होतंस का?”

हो.

“तुला राग आला?”

बराच वेळ काही झालं नाही. मग दोरीच्या रेघा इतक्या जोरात उसळल्या की काझी मॅडम हसू लागल्या.

“आलाय बाई, चांगलाच आलाय!”

“सॉरी,” तेजल म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तरी तिला हसू येत होतं. इतके दिवस ती ज्या मुलीचा हेवा करत होती ती तिने मनाने बनवलेली एक गप्प, सगळं हिरावून घेणारी बाहुली होती. ही तर चांगली रागीट मुलगी निघाली. “उद्या आणखी एकदा विचारीन. राग गेला का म्हणून.”

घरी परतताना तिने आबांना विचारलं, “मग जिंकलं कोण? काझी मॅडमच ना?”

“त्या तसं म्हणतायत खऱ्या,” आबा जरा फुगूनच म्हणाले. “पण देवूच्या कपाळामागचा थोडा भाग जिवंत आहे. तेवढ्यातूनही भोंगा वाजत असेल. म्हणजे माझं भाकीत चुकलं, हे मी मान्य करतो. सिद्धान्त संपला, हे मात्र अजून नाही. देवू जागी आहे एवढं आपल्याला कळलं. ती जागी कशामुळे आहे, ते अजून कळायचंय.”

“तुम्हाला पुन्हा हेवा वाटतोय.”

“वाटतोय,” आबांनी कबूल केलं. “तुला?”

“थोडा.”

“गंमत बघ. तुझा हेवा मला दिसत नाही, माझा तुला दिसत नाही. तू सांगितलास म्हणून मी मानतो. हे आतलं बाहेरून मोजायचं कसं, याचा खरा तापमापक बहुतेक तुमच्या पिढीतलं कुणीतरी करील. तेव्हा मैनाचंही काय ते कळेल.”

रस्त्याकडेच्या कॉफीच्या झाडांवर लाल फळं धरली होती. आबांनी दोन तोडून एक तिला दिलं. दुसरं त्यांनी स्वतः चोखलं.

*

सुट्टीचा शेवटचा दिवस होता. प्रश्न विचारायचे ते नेहमी दुसऱ्यांनीच, देवूने फक्त उत्तरं द्यायची, हे तेजलला खटकत होतं. तिने सुचवलं की मैनाने एकेक अक्षर म्हणावं आणि हवं ते अक्षर आलं की देवूने दोरीवर चढावं. म्हणजे देवूला स्वतःचं काहीतरी बोलता येईल. आबांनी लगेच तयारी केली.

“क,” मैना म्हणाली. “ख.”

रेघा उसळल्या. ख! मग वेलांटी, उकार, काना असं विचारत गेले. पहिली वेलांटी. खि.

“खिचडी!” इंगोले काकू उठून उभ्याच राहिल्या. “तिला खिचडी फार आवडते, डॉक्टर. खिचडी हवी का गं देवू?”

देवू मनातल्या मनात घरभर फिरली. नाही.

मैना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. च गेला, ट गेला, ठ गेला. ड वर रेघा उसळल्या. खोलीत सगळे श्वास रोखून उभे होते. देवू दमली होती. दोन अक्षरांच्या मध्ये तिला विश्रांती द्यावी लागत होती. मग मैनाने पुन्हा सुरुवात केली, आणि पहिल्याच अक्षराला रेघा ताठ झाल्या.

क. त्याला दुसरी वेलांटी.

कुणी काही म्हणायच्या आत तेजल धावली. खिडकीची कडी घट्ट बसली होती. तिने दोन्ही हातांनी ती ओढली आणि तावदानं सताड उघडली. बाहेरच्या दरीतून थंडगार वारा आत घुसला, पडदे फडफडले, आणि खाटेवरची चादर गळ्यापर्यंत घ्यायला इंगोले काकू धावल्या.

“थांबा काकू,” तेजल म्हणाली. “आधी तिला विचारू या.”